भागाकाराची साक्ष

फळ्यावर 'काळ, काम, वेग' असे तीन शब्द लिहिले की निम्म्या वर्गाचे चेहरे उतरतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. उरलेल्या निम्म्या वर्गापैकी चारदोन मुले उत्साहाने पाट्या, म्हणजे आता वह्या, सरसावतात आणि बाकीची खिडकीबाहेर बघू लागतात. अशाच खिडकीबाहेर बघणाऱ्यांपैकी एक जण गेल्या भाद्रपदात एका संध्याकाळी माझ्या ओटीवर येऊन बसला. शाळा सोडल्याला त्याला पंधरा वर्षे झाली असतील. आता तो टेंपो चालवतो. वालीवच्या कारखान्यांच्या गाळ्यांतून माल भरायचा, तो चाकणला पोचवायचा आणि मिळाला तर परतीचा माल घेऊन वसईला यायचे, असा त्याचा धंदा. टेंपो त्याचा नाही, मालकाचा आहे.

त्याने खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दंडाचे चलन होते.

"सर, मला कुणी अडवलं नाही, कुणी शिटी मारली नाही," तो म्हणाला. "अमक्या जागी माझा वेग इतका होता, असं कुणी पाहिलेलंही नाही. एका कमानीखालची एक वेळ, दुसऱ्या कमानीखालची दुसरी वेळ, आणि मधलं अंतर. एवढ्यावर दंड? हा काय पुरावा झाला? हे तर तुमचं गणित आहे!"

मला हसू आले. पण 'हो, माझे गणितच तुझ्याविरुद्ध साक्षीला उभे आहे' असे म्हणून त्याला वाटेला लावणे काही बरे दिसेना. कारण प्रश्न खरा होता. न पाहिलेल्या गोष्टीची शिक्षा नुसत्या भागाकारावर द्यावी काय? त्याला मी चार दिवसांनी ये म्हटले आणि पुस्तके उघडली. जे हाती लागले ते असे.

मोटारीच्या वेगाला कायद्याचे कुंपण प्रथम इंग्लंडात पडले, आणि आपल्या कायद्याची पाळेमुळेही तिकडचीच आहेत. १८९६ च्या कायद्याने तेथे मोटारीला ताशी १४ मैलांपर्यंत धावायची मुभा मिळाली. १९०३ च्या कायद्याने ती मर्यादा २० मैलांवर नेली. परंतु हा कायदा करताना एक अडचण उभी राहिली. चोरी पकडायची तर मुद्देमाल असतो, मारामारीला जखम असते. वेगाला काय असते? गाडी निघून जाते, धूळ खाली बसते आणि मागे राहतो तो एका शिपायाचा शब्द. 'मला ती फार जोरात वाटली.' गाडीवाले बहुतेक धनवान, शिपाई गरीब, आणि दोघांच्याही मनात एकमेकांविषयी आकस. तेव्हा कायदा करणाऱ्यांनी त्यातच एक अट घालून ठेवली: वेगाविषयी केवळ एका साक्षीदाराचे मत एवढ्यावरून कोणाला दोषी ठरवता येणार नाही.

ही अट मला फार मोलाची वाटते. मत आणि मोजमाप यांत कायद्याने ओढलेली ही पहिली रेघ. वेग डोळ्यांना दिसत नाही, तो काढावा लागतो, हे त्या अटीत गृहीत आहे.

मग इंग्लंडच्या पोलिसांनी काय केले? त्यांनी तेच केले जे मी फळ्यावर करतो. रस्त्याचा एक तुकडा आधी फीत लावून मोजला. त्याच्या एका टोकाला कुंपणाआड एक शिपाई, दुसऱ्या टोकाला दुसरा. पहिल्याने खूण केली की घड्याळ सुरू, गाडी दुसऱ्या टोकाला पोचली की घड्याळ बंद. अंतराला वेळाने भागले की वेग. आज ज्याला आपण सरासरी वेगाचा पुरावा म्हणतो आणि नव्या युगाची करामत समजतो, तो अशा रीतीने मोटारीइतकाच जुना आहे. यंत्राने क्षणाचा वेग टिपणे ही पुढची गोष्ट. आरंभी होता तो भागाकारच.

या कुंपणाआडच्या शिपायांवर मोटारवाले इतके चिडले की १९०५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली एक संघटना काढली. तिचे सायकलस्वार रस्त्यावर फिरत आणि पुढे सापळा आहे अशी इशारत येणाऱ्या गाड्यांना देत. त्यावरून 'बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स' हा गाजलेला खटला झाला. १९१० च्या कायदेअहवालांत तो छापलेला आहे. न्यायालयापुढे मुद्दा मोठा नाजूक होता. 'हळू चालवा' असे सांगणे हा गुन्हा कसा? न्यायाधीशांनी पाहिले ते असे: इशारत दिली तेव्हा गाड्या मर्यादेबाहेर धावतच होत्या. मोजलेले अंतर पुरे होण्याआधी त्यांना सावध करणे म्हणजे पोलिसांचा पुरावा पुरा होऊ न देणे. तेव्हा तो कामात अडथळा ठरला. भागाकाराला दोन टोके लागतात, एक टोक मोडले की सगळा पुरावा मोडतो, हे त्या निकालाने सांगितले. संघटनाही काही कच्ची नव्हती. तिने नवी रीत काढली. तिचा सायकलस्वार सभासदाच्या गाडीला सलाम करी. सलाम केला नाही तर समजावे की थांबून विचारपूस करण्यात शहाणपण आहे. सलाम न करणे हा काही गुन्हा होऊ शकत नव्हता!

इंग्लंडची ती अट समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमात ती होती, आणि १९८८ च्या कायद्याच्या १८३ व्या कलमात आजही आहे. एकाच साक्षीदाराच्या मतावर शिक्षा नाही. ते मत यंत्राच्या साहाय्याने केलेल्या मोजणीवर आधारलेले असेल तर मात्र ते चालेल. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात इलेक्ट्रॉनिक साधनही स्पष्ट शब्दांत आले. याच कलमात आणखी एक पोटकलम आहे. ते वाचून मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. पण त्याच्याकडे शेवटी येतो.

मधल्या काळात यंत्रे आली. त्यांतल्या एकाची कथा सांगण्याजोगी आहे. मॉरिस गॅटसोनिडिस नावाचा एक डच मोटारशर्यतपटू होता. १९५३ साली त्याने माँटे कार्लोची प्रसिद्ध रॅली जिंकली. वळणावर आपली गाडी किती वेगाने जाते हे कळावे, म्हणजे ती आणखी वेगाने नेता येईल, एवढ्यासाठी त्याने रस्त्यावर दोन रबरी पट्ट्या टाकून त्यांवरून वेळ मोजायचे साधन तयार केले. पुढे तेच साधन पोलिसांच्या कामी आले, आणि त्याच्या नावाचे वेगमापक कॅमेरे देशोदेशी उभे राहिले. वेगासाठी जन्मलेले यंत्र वेगाचे वैरी झाले. ध्यानात घ्या, त्या दोन पट्ट्या म्हणजेही दोन टोकेच. अंतर तेवढे आखूड झाले होते.

परंतु एका जागी उभ्या असलेल्या कॅमेऱ्याचे एक दुखणे आहे, आणि ते आपल्या महामार्गावर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कॅमेरा कुठे आहे हे चालकांना पाठ होते. तेथे ब्रेक, पुढे गेले की पुन्हा पाय खाली. गावाच्या वेशीवर देवळापुढे चपला काढाव्यात आणि चार पावलांवर पुन्हा घालाव्यात, तशी ही भक्ती. शिवाय कॅमेऱ्यापाशी एकदम वेग कमी करणाऱ्याच्या मागचा माणूस धोक्यात येतो तो वेगळाच. म्हणून पुन्हा जुन्या भागाकाराची आठवण झाली. फरक एवढाच, की कुंपणाआडच्या शिपायांच्या जागी आता दोन कॅमेरे आले. पहिल्या ठिकाणी गाडीच्या पाटीवरचा क्रमांक आणि वेळ टिपायची, काही किलोमीटरांवर दुसऱ्या ठिकाणी तेच करायचे आणि मधले अंतर भागून टाकायचे. ब्रिटनमध्ये १९९९ पासून, रॉटरडॅमजवळच्या ए-१३ महामार्गावर २००२ पासून आणि इटलीत २००५ पासून ही पद्धत रुळली.

आपल्याकडे ही पद्धत प्रथम आली ती कॅमेऱ्याआधी टोलनाक्याच्या रूपाने. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा हा रस्ता मध्ये बोरघाट चढतो. २०१९ साली असे जाहीर झाले, की खालापूर आणि उर्से या दोन टोलनाक्यांमधले सुमारे ५० किलोमीटरांचे अंतर जो ३७ मिनिटांच्या आत तोडील त्याला दंड होईल. टोलाच्या पावतीवर वेळ असतेच, तीच साक्ष. ५० किलोमीटर ३७ मिनिटांत म्हणजे ताशी सुमारे ८१ किलोमीटर. पुढे २०२४ साली याच मार्गावर कमानींवरच्या कॅमेऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. ती जागच्या जागचा वेग टिपते आणि दोन कमानींमधला सरासरी वेगही काढते. माझा विद्यार्थी सापडला तो या दुसऱ्या जाळ्यात.

आता त्याच्या प्रश्नाकडे वळू. कुणी पाहिले नाही, तरी गुन्हा सिद्ध होतो काय?

मी त्याला वहीवर मांडून दाखवले. समज, मर्यादा ताशी ८० ची आहे. तू एकाही क्षणी ८० ओलांडले नाहीस असे मान. तर अर्ध्या तासात तू जास्तीत जास्त किती जाशील? ४० किलोमीटर. त्याहून एक वीतभरही जास्त नाही. मग अर्ध्या तासात तू ४५ किलोमीटर गेला असशील, तर मधे कुठे ना कुठे तुझा काटा ८० च्या पुढे गेलाच असला पाहिजे. कुठे गेला हे मला सांगता येणार नाही. पण गेला, हे कोर्टात शपथेवर सांगता येईल. साक्षीदाराचे डोळे फसतात, हा हिशेब फसत नाही.

आणि यात एक दया आहे, तीही त्याला दाखवली. सरासरी ही नेहमी आरोपीच्या बाजूने झुकते. तू मधे १२० ने धावलास आणि नंतर ६० ने रेंगाळलास, तर सरासरी तुझे १२० पोटात घालते. वाटेत वडापाव खायला थांबलास तर तोही वेळ तुझ्या खात्यात जमा होतो. सरासरी कधीही तुझ्या सर्वाधिक वेगाहून मोठी असू शकत नाही. क्षणभर पाय घसरला म्हणून ती कोणाला पकडत नाही. सतत मर्यादेबाहेर धावणाराच तिच्या तावडीत येतो.

ही मध्यम आणि क्षणोक्षणीची गती यांतली निवड आपल्याला नवी नाही. ज्यांच्या नातवाने पाटणला शिलालेख कोरवला, ते आपल्या खानदेशाच्या परिसरातले भास्कराचार्य. ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'त त्यांनी ग्रहाची मध्यम गती आणि तात्कालिक गती यांतला भेद सांगितला आहे. चंद्राची गती क्षणाक्षणाला बदलते, तेव्हा सूक्ष्म गणिताला दिवसाची ठोकळ गती पुरत नाही, ती त्या क्षणाची घ्यावी, असा त्यांचा आशय. ग्रहाला दंड करायचा नसल्याने त्यांचे काम सोपे होते. पण त्यांचा इशारा कोर्टानेही ध्यानात ठेवावा असा आहे. मध्यम गती 'किती' ते सांगते, 'कुठे' ते सांगत नाही. ज्या दयेचे मी वर्णन केले तिचा हाच दोष. घाटातल्या वळणावर जीव घेणाऱ्या वेगाने उतरून पुढे चहाच्या टपरीवर पंधरा मिनिटे बसणारा माणूस भागाकारातून निर्दोष सुटतो. म्हणून दोन कमानींमधले अंतर जितके आखूड तितका हा हिशेब खरा.

आणि हा हिशेब जेव्हा दोन पक्क्या टोकांवर उभा नसतो, तेव्हा काय होते ते आम्ही पालघर जिल्ह्यातल्या लोकांनी पाहिले आहे. ४ सप्टेंबर २०२२, रविवार. अहमदाबादकडून मुंबईला येणारी मोटार चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. मागे बसलेले दोघे दगावले. त्यांत उद्योगपती सायरस मिस्त्री होते. दुसऱ्याच दिवशी पोलिसांच्या हवाल्याने बातमी आली: नाक्यावरच्या कॅमेऱ्यात ती मोटार २ वाजून २१ मिनिटांनी दिसते, अपघात अडीचच्या सुमारास झाला, अंतर २० किलोमीटर. म्हणजे २० किलोमीटर ९ मिनिटांत. माझ्या वर्गातल्या मुलांनीही तो भागाकार केला: ताशी १३३ किलोमीटर. सगळ्या देशात तो आकडा फिरला.

पण पहिले टोक कॅमेऱ्याचे होते आणि दुसरे 'अडीचच्या सुमाराचे'. समजा, तो सुमार तीन मिनिटांनी चुकला आणि अपघात २ वाजून ३३ मिनिटांनी झाला. २० किलोमीटर १२ मिनिटांत. वेग होतो ताशी बरोबर १००. तीन मिनिटांच्या चुकीत तेहतीस किलोमीटर वितळून जातात! पुढे मोटारीच्या कंपनीने गाडीतल्या नोंदी वाचून जे कळवले ते असे, की आदळण्यापूर्वी पाच सेकंद वेग १०० होता, ब्रेक लावल्यावर आदळताना तो ८९ झाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वाटेत १३३ ची सरासरी आणि पुलापाशी १००. तसेच पहिली गोष्ट नुसती घड्याळाची गफलतही असू शकते. भागाकार करणाऱ्याला ते सांगता येणार नाही. तीन पदरी रस्ता पुलापाशी आक्रसतो, हा प्रश्नही तेव्हा निघाला. मागच्या सीटवरच्या पट्ट्यांचाही निघाला. वेगाचा एकच आकडा या सगळ्यांचे उत्तर देऊ शकत नव्हता.

म्हणून मी त्या मुलाला म्हटले, भागाकाराला घाबरू नकोस, भाज्य आणि भाजक तपासून घे. अंतर कोणी मोजले? दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे एकमेकांशी जुळतात काय? छायाचित्रातली पाटी तुझ्याच गाडीची आहे काय? हे विचारण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. २०२१ साली मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. त्याप्रमाणे अशा साधनाला मान्यतेचे प्रमाणपत्र लागते, ते दरवर्षी नवे करून घ्यावे लागते. येथे नजर आहे अशी पाटी रस्त्यावर लावावी लागते आणि घटनेपासून पंधरा दिवसांच्या आत नोटीस पोचवावी लागते. कोर्टात असा पुरावा ठेवायचा तर तो कोणत्या यंत्राने, कसा निघाला याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमात होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमात आहे. एका शिपायाचे नुसते मत चालणार नाही, असे १९०३ साली म्हणणाऱ्यांनी जी रेघ ओढली होती, तीच येथे पुन्हा ओढली आहे. यंत्राचेही नुसते मत चालणार नाही.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग खाली बघत म्हणाला, "सर, घड्याळं बरोबरच असतील. मी जोरात होतो. पहाटे पाचला माल भरून झाला. मालकानं सांगितलं, आठच्या आत चाकणच्या फाटकात गाडी लागली पाहिजे, नाहीतर खेप कापीन. घोडबंदरलाच तासभर अडकलो. मग काय करू?"

तेव्हा मला १८३ व्या कलमातले ते पोटकलम आठवले, जे मी दोनदा वाचले होते. त्याचा आशय असा: एखादा प्रवास ठरावीक वेळात पुरा करावा असे वेळापत्रक ज्याने प्रसिद्ध केले, किंवा तसा हुकूम ज्याने दिला, आणि तो प्रवास वेगमर्यादा न मोडता त्या वेळात होणे शक्य नाही असे कोर्टाला दिसले, तर ते वेळापत्रक किंवा तो हुकूम हाच त्या माणसाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा होय. हे १९३९ च्या कायद्यातही होते. म्हणजे कमानीवर कॅमेरा चढण्याच्या कितीतरी आधी आपल्या कायद्याने सरासरी वेगाचा पुरावा मानला होता, आणि तो मानला होता चालकाविरुद्ध नव्हे, वेळ ठरवणाऱ्याविरुद्ध! अंतर आणि वेळ, बस्स. गाडी रस्त्यावर यायच्या आधीच भागाकार करून पाहता येतो.

मी त्याला ते वाचून दाखवले. तो जरा वेळ गप्प बसला. "पण सर, मालकानं लिहून कुठं दिलंय? फोनवर सांगितलं."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. कमानीवरचा कॅमेरा गाडीची पाटी वाचतो, फोनवरचा आवाज वाचत नाही. दंड त्याने भरला. आठशे उणे-अधिक करून मालकाने पगारातून किती कापले ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. जाताना ओटीच्या पायरीवर थांबून त्याने एवढेच विचारले, वालीव ते चाकण, सगळे नियम पाळून, घोडबंदरची कोंडी धरून, किती वेळ द्यायला पाहिजे? मी म्हटले, अंतरे आण, आपण काढू.

दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात मी नेहमीचे उदाहरण घातले नाही. फळ्यावर लिहिले: एका मालकाने चालकाला अमुक किलोमीटर अंतर अमुक तासांत तोडण्यास सांगितले. रस्त्याची मर्यादा अमुक आहे. तर मालकाचे सांगणे योग्य आहे काय? खिडकीबाहेर बघणाऱ्या पोरांपैकी दोघांनी त्या दिवशी वह्या उघडल्या. त्यांचे वडील गाडी चालवतात, हे मला मागाहून कळले.